यीस्टचं इन्फेक्शन औषधाला दाद देत नसेल तर काय करायचं

"ती एकच गोळी घ्यायची असते ना, ती द्या."

नाशिकमध्ये औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असताना हे वाक्य मला आठवड्यातून कितीतरी वेळा ऐकू येतं. बोलणारी बाई आवाज खाली घेते, शेजारचं गिऱ्हाईक जायची वाट बघते. तिला हवी असते फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची गोळी. मागे डॉक्टरांनी दिली होती, बरं वाटलं होतं, आता पुन्हा खाज सुटली आहे, म्हणून पुन्हा तीच. मागचं इन्फेक्शन कशाचं होतं आणि आत्ताचं कशाचं आहे, हे कुणीच तपासलेलं नसतं.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. छाटणीनंतर भुरीवर, म्हणजे वेलीवर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीवर, लागोपाठ एकच औषध मारत राहिलं की पुढे भुरी त्याला जुमानत नाही, हे माझ्या वडिलांना पक्कं ठाऊक आहे. ते औषधाचा गट बदलतात, डोस मापून घेतात, फवारणीची तारीख वहीत लिहितात. घरातल्या माणसांच्या औषधाला मात्र ही शिस्त लागत नाही. आणि गंमत म्हणून नाही, अगदी काळजीनं सांगते: भुरीवरचं हेक्झाकोनाझोल किंवा टेब्युकोनाझोल आणि आपण गिळतो ते फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. घराण्याचं नाव ट्रायअझोल. बुरशीच्या ज्या जागेवर ती घाव घालतात ती जागाही एकच.

म्हणून हा लेख. बागेत जे कळतं ते घरात कसं वापरायचं, ते क्रमानं सांगते.

आधी थोडं समजून घेऊ

यीस्ट ही एकपेशी बुरशी. माणसाला त्रास देणाऱ्या यीस्टमध्ये कॅन्डिडा हे नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं. ती आपल्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात मुळातच थोडीफार असते. साखर वाढली, अँटिबायोटिकनं चांगले जिवाणू मारले, प्रतिकारशक्ती खालावली की ती फोफावते. दर चार बायकांपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, त्यामुळे यात लाजण्यासारखं काही नाही.

कॅन्डिडाच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. अझोल औषधं (वरचं ट्रायअझोल घराणं त्यांतलंच) एर्गोस्टेरॉल तयार करणारं एन्झाइम अडवतात. बुरशी यातून तीन-चार वाटा काढते. एन्झाइमचा आकार किंचित बदलते, म्हणजे औषध तिथे नीट बसत नाही. तेच एन्झाइम जास्त प्रमाणात बनवते. आत आलेलं औषध बाहेर फेकणारे पंप वाढवते. आणि कॅथेटर किंवा कवळीसारख्या वस्तूवर चिकट थर धरून त्याखाली दडून राहते. त्यात फ्लुकोनाझोल कॅन्डिडाला बहुतेकदा मारत नाही, तिची वाढ फक्त थांबवतं. उरलेलं काम शरीराला करावं लागतं. अर्धवट डोस का घातक ठरतो, ते यावरून लक्षात येईल.

दुसरा प्रकार याहून साधा आहे. तणनाशक मारल्यावर एक तण जळतं आणि त्याच्या जागी दुसरंच माजतं, तसं इथेही होतं. कॅन्डिडा अल्बिकन्स ही नेहमीची जात फ्लुकोनाझोलला बहुतांशी अजून दाद देते. कॅन्डिडा ग्लाब्राटा कमी दाद देते आणि कॅन्डिडा क्रुसाय जन्मजातच देत नाही. सारखं फ्लुकोनाझोल घेत राहिलं तर अल्बिकन्स हटते आणि या दोघींना रान मोकळं मिळतं.

बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या जवळच्या नात्यातली. जिवाणू मारणं त्या मानानं सोपं, कारण त्यांची घडणच वेगळी. बुरशीला मारेल आणि माणसाला इजा करणार नाही असं औषध शोधणं अवघड असतं. म्हणून शरीरात खोलवर गेलेल्या यीस्टवर हाताशी असलेली औषधं बोटांवर मोजण्याइतक्या गटांतलीच आहेत: अझोल, एकायनोकॅन्डिन, अँफोटेरिसिन बी आणि फ्लुसायटोसिन. यातला एक गट वाया गेला तर राहतं फार थोडं.

जगभर काय घडतंय

२००९ मध्ये जपानमधल्या एका वृद्ध महिलेच्या कानातून एक नवी यीस्ट सापडली. लॅटिनमध्ये कानाला ऑरिस म्हणतात, म्हणून तिचं नाव कॅन्डिडा ऑरिस पडलं. नंतर जुने साठवलेले नमुने तपासले तेव्हा दक्षिण कोरियातल्या १९९६ च्या एका नमुन्यातही ती निघाली. पुढच्या काही वर्षांत ती भारत, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका इथल्या रुग्णालयांत दिसू लागली. जनुकं तपासल्यावर कळलं की ती एका देशातून दुसऱ्या देशात गेली एवढंच नव्हतं, वेगवेगळ्या खंडांत तिची वेगवेगळी कुळं जवळपास एकाच काळात वर आली होती. असं का झालं, याचा एक अंदाज असा की वाढत्या तापमानात जगण्याची सवय झालेली बुरशी माणसाच्या शरीराच्या उष्णतेतही टिकू लागली. आपल्याकडे अंदमानच्या किनाऱ्यावरून घेतलेल्या नमुन्यांत ती सापडली आहे. उत्तर भारतातल्या साठवणीच्या सफरचंदांवरही सापडली आहे.

अमेरिकेत तपासलेल्या ऑरिसपैकी सुमारे ९० टक्के नमुने फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत आणि सुमारे ३० टक्के अँफोटेरिसिन बीलाही देत नाहीत. तिथे या बुरशीचे रुग्ण २०१९ मध्ये ४७६ होते, २०२१ मध्ये १,४७१ झाले. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०१७ मध्येच आपल्या रुग्णालयांना सावध केलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं १९ घातक बुरशींची पहिली यादी काढली. तिच्या सगळ्यात वरच्या गटात चार नावं आहेत आणि त्यातली दोन कॅन्डिडाची: ऑरिस आणि आपली नेहमीची अल्बिकन्स.

हे वाचून घाबरू नका. धडधाकट माणसाला घरात बसून ऑरिस होत नाही. काउंटरवर मी बघते तो त्रास वेगळा आणि रुग्णालयातला वेगळा. दोन्हींची मुळं मात्र औषधाच्या बेहिशोबी वापरात जातात.

पायरी १: हे यीस्टच आहे का, ते ठरवा

इथेच सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून इथे थोडं थांबते.

लघवीच्या जागी तीव्र खाज, लाली, आग, आणि दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं, फारसा वास नसलेलं जाणं ही यीस्टची खूण. पातळ, करडट, मासळीसारखा वास येणारं जात असेल तर ते बहुधा जिवाणूंचं असंतुलन असतं. हिरवट-पिवळं, फेसाळ, घाण वासाचं असेल तर ट्रायकोमोनास हा शरीरसंबंधातून पसरणारा परजीवी असू शकतो. या दोन्हींवर फ्लुकोनाझोलचा काडीचा उपयोग नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडं पारदर्शक किंवा पांढरं जाणं हा तर आजारच नव्हे. अमेरिकेत २००२ मध्ये, स्वतःच्या मनानं यीस्टचं औषध विकत घेणाऱ्या बायकांची तपासणी झाली. खरोखर फक्त यीस्टचं इन्फेक्शन निघालं ते जेमतेम एक तृतीयांश जणींना.

त्रास पहिल्यांदाच होत असेल, पोटात किंवा कमरेत दुखत असेल, ताप असेल, गरोदरपण असेल, रक्त जात असेल, तर दुकानात येऊ नका. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

बाकीच्या जागाही बघून ठेवा. बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर पुसला तर दुधाचा निघून जातो, बुरशीचा सहज निघत नाही. कवळी लावणाऱ्या आजी-आजोबांच्या टाळूवर लाली येते. सतत भांडी घासणाऱ्या बायकांची नखुरडी वारंवार सुजतात. पावसाळ्यात गमबूट घालून चिखलात उभं राहणाऱ्यांच्या पायाच्या बोटांत चिखल्या होतात. चिखल्यांमध्ये यीस्ट, नायट्याची बुरशी आणि जिवाणू हे सगळे एकत्र असू शकतात. तिथे औषधापेक्षा पाय कोरडे ठेवणं मोलाचं.

पायरी २: पुन्हा पुन्हा का होतंय, ते शोधा

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. अशा वेळी आधी उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. मधुमेह आधीच असेल तर गोळ्यांची पट्टी काढून नाव वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं असतील तर ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि तिथे यीस्टला आयतं खाद्य मिळतं. पुरुषांनाही शिश्नाच्या टोकाला खाज, लाली, चिरा पडतात, आणि ते लाजेनं महिनोन्‌महिने सांगत नाहीत. गोळी मनानं बंद करू नका, ती हृदयासाठी आणि किडनीसाठीही दिलेली असते. डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील.

नुकतंच अँटिबायोटिक झालं होतं का, हेही आठवा. अंगावर जाण्यासाठी तीन औषधांचं एकत्र किट मिळतं, त्यात फ्लुकोनाझोलच्या जोडीला दोन जिवाणूनाशकं असतात. नुसत्या यीस्टसाठी ते घेतलं तर चांगले जिवाणू मरतात आणि पुढच्या खेपेची तयारी आपणच करून ठेवतो. दम्याचा स्टेरॉइड पंप घेणाऱ्यांनी दर वेळी चूळ भरावी. कवळी रात्री काढून स्वच्छ करून ठेवावी.

पायरी ३: मलमाची ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा

क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी नाव दिसलं की त्यात स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून लोकांना ते मलम गुणकारी वाटतं. बुरशी मात्र आत पसरत राहते, आणि सोबतचं बुरशीनाशक तिला अर्धवट डोसात रोज भेटत राहतं. २०१८ मध्ये सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरी "शेजारणीला लागू पडलं, तेच द्या" हे थांबलेलं नाही.

याचं फळ आपल्या देशानं आधीच पाहिलं आहे. गजकर्णाची एक बुरशी टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद देईनाशी झाली. २०२० मध्ये तिला नाव मिळालं ट्रायकोफायटन इंडोटिनी, म्हणजे नावातच भारत. ती युरोपात पोहोचली, २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या रुग्णांची नोंद झाली. ती यीस्ट नाही, पण वाट तीच आहे. गजकर्णाचं मलम जांघेतल्या यीस्टला आणि यीस्टचं मलम गजकर्णाला लावणं हा आपल्याकडे रोजचा प्रकार आहे.

पायरी ४: डोस पूर्ण घ्या, आणि सोबतची औषधं सांगा

खालचे डोस डॉक्टरांशी बोलताना आपल्याला प्रश्न विचारता यावेत म्हणून देते, मनानं घेण्यासाठी नाही.

साध्या, कधीतरी होणाऱ्या योनिमार्गाच्या इन्फेक्शनला फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमचा एक डोस किंवा क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी काही दिवस, हे पुरतं. त्रास तीव्र असेल तर ७२ तासांच्या अंतरानं दोन ते तीन डोस देतात. वारंवार होत असेल तर आधी १०-१४ दिवस जोर ओसरेपर्यंत आणि मग सहा महिने आठवड्याला एक गोळी, असा लांब कोर्स असतो. बायका नेमक्या इथे चुकतात: दुसऱ्या महिन्यात खाज गेली की गोळी बंद. गरोदरपणात तोंडावाटे फ्लुकोनाझोल टाळतात, क्लोट्रिमाझोल सात दिवस वापरतात. नवऱ्याला काहीच त्रास नसेल तर त्याला गोळी देण्याची सहसा गरज नसते.

फ्लुकोनाझोल दुसऱ्या औषधांत फार ढवळाढवळ करतं. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीबरोबर साखर एकदम खाली येऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर रक्तस्राव होऊ शकतो. काही कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबरोबर स्नायू दुखतात. उलट टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर फ्लुकोनाझोलच कमी पडतं.

इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. ती पोटातल्या आम्लात विरघळते. आपल्याकडे सवयीनं प्रत्येक चिठ्ठीत पँटोप्राझोल असतं, आणि ते आम्ल कमी करतं. मग "औषध लागू पडत नाही" म्हणून लोक परत येतात, तेव्हा बुरशी औषधाला सरावलेली नसतेच, औषध अंगात पोहोचलेलंच नसतं. हृदय कमजोर असलेल्यांनी इट्राकोनाझोल घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगितलंच पाहिजे.

पायरी ५: दोनदा गुण आला नाही, तर तिसऱ्यांदा गोळी नको, कल्चर करा

लॅबमध्ये नमुना देण्याआधी फोन करून विचारा: फंगल कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून बघणं) होतं का, बुरशीची जात सांगता का, आणि औषधांची सेन्सिटिव्हिटी (ती कोणत्या औषधाला दाद देते ते बघणं) करता का. तिन्हींना हो आलं तरच जा. गल्लीतल्या लहान केंद्रात हे होईलच असं नाही, पण मेडिकल कॉलेजांचे मायक्रोबायोलॉजी विभाग आणि शहरातल्या मोठ्या लॅब इथे चौकशी करता येते. आधीचे काही दिवस मलम किंवा योनीतली गोळी वापरलेली नसावी. वापरली असेल तर लपवू नका. स्लाइडवर बुरशी त्याच दिवशी दिसू शकते, कल्चरला दोन-तीन दिवस आणि सेन्सिटिव्हिटीला त्यापुढे आणखी वेळ लागतो.

रिपोर्टवर नुसतं "कॅन्डिडा स्पीशीज" लिहिलं असेल तर पैसे अर्धे वाया गेले असं समजा आणि जात कोणती ते विचारा. अल्बिकन्स असेल तर फ्लुकोनाझोलसमोरचा एमआयसी, म्हणजे बुरशीची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण, हा आकडा बघा: २ किंवा कमी म्हणजे दाद देते, ८ किंवा जास्त म्हणजे देत नाही, ४ म्हणजे डोस वाढवला तर देईल. हे आकडे जातीप्रमाणे बदलतात, एकीचे दुसरीला लावू नका. क्रुसाय निघाली तर फ्लुकोनाझोलचा आकडा बघायचंही कारण नाही. ग्लाब्राटा अझोलला दाद देत नसेल तर डॉक्टर बोरिक अ‍ॅसिडची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल योनीत ठेवायला देतात, साधारण १४ दिवस. ती चुकूनही तोंडात जाता कामा नये, ते विष आहे. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. गरोदरपणात तर अजिबात नको.

आता उलट बाजू, आणि ही मला तितकीच महत्त्वाची वाटते. कल्चरमध्ये कॅन्डिडा आली म्हणजे औषध हवंच, असं नाही. १० ते २० टक्के बायकांत ती काही त्रास न देता राहते. लघवीची नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत कॅन्डिडा निघाली तर बऱ्याचदा नळी काढणं किंवा बदलणं पुरतं. थुंकीत निघाली तर ती सहसा तोंडातलीच असते. रिपोर्टवर उपचार करू नका, रुग्णावर करा, असं मला एका अनुभवी डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मी काउंटरवर रोज वापरते.

पायरी ६: घरचं माणूस आयसीयूत असेल तर

ऑरिसला आवडतात ती माणसं म्हणजे बरेच दिवस आयसीयूत असलेली, मानेत किंवा छातीत सेंट्रल लाइन (मोठ्या रक्तवाहिनीत घातलेली नळी) असलेली, व्हेंटिलेटरवरची, अनेक अँटिबायोटिक झालेली. ती रक्तात शिरली तर अशा रुग्णांपैकी बरेच दगावतात. पलंगाच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर, मॉनिटरच्या बटणांवर ती आठवडेच्या आठवडे तग धरते. बरीच नेहमीची जंतुनाशकं तिच्यावर पुरेशी चालत नाहीत, क्लोरीनचं म्हणजे हायपोक्लोराइटचं द्रावण चालतं. हातांना अल्कोहोलचं सॅनिटायझर चालतं.

नातेवाइकानं करायचं ते थोडकंच आहे. आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करा. एका रुग्णापासून दुसऱ्याकडे जाऊन तब्येत विचारू नका, प्रेमापोटी केलेली ती फेरी महागात पडते. राउंडच्या वेळी डॉक्टरांना अदबीनं विचारा: "ही लाइन अजून लागणार आहे का? लघवीची नळी कधी निघेल?" ताप अँटिबायोटिकनं उतरत नसेल तर "रक्ताच्या कल्चरमध्ये बुरशी बघितली का, जात कळली का?" हेही विचारा. जुन्या यंत्रांनी ऑरिसला दुसऱ्याच यीस्टचं नाव दिल्याची उदाहरणं आहेत, म्हणून "हिमुलोनाय" असं नाव आलं तर पुन्हा खात्री करून घ्यायला सांगा. ऑरिस निघाली तर सुरुवात सहसा कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन अशा एकायनोकॅन्डिन गटातल्या इंजेक्शननं होते.

रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवताना ऑरिस निघाली होती हे तिथे आधी सांगा. लपवलं तर तिथल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा जीव धोक्यात येतो. डिस्चार्ज कार्डवर तसं लिहून घ्या. घरी आल्यावर वाळीत टाकल्यासारखं वागवू नका. धडधाकट माणसांना तिच्यापासून फारसा धोका नाही, हात धुणं आणि जखमेची काळजी पुरते.

पायरी ७: बागेत

ट्रायअझोलच्या फवारण्यांमुळे अ‍ॅस्परजिलस नावाच्या, फुप्फुसात जाणाऱ्या बुरशीत औषधरोध वाढला, हे नेदरलँड्ससह अनेक देशांत दिसलं आहे, भारतातही असे नमुने सापडले आहेत. यीस्टच्या बाबतीत चित्र इतकं स्पष्ट नाही, तरी फळांवर राहणाऱ्या यीस्टलाही तीच औषधं रोज भेटतात. म्हणून भुरीवर अझोल लागोपाठ नको. लेबलवरचा गट क्रमांक बघा, ३ हा आकडा अझोलचा. गट बदला, कमी डोस नको आणि "जरा जास्तच" असाही नको. फवारताना मास्क, हातमोजे. काम झाल्यावर गमबूट उलटे करून वाळवा आणि बोटांमधलं पाणी पुसा.

पायरी ८: घरातल्या औषधांची वही

निर्यातीच्या बागेत फवारणीची नोंद ठेवावीच लागते. वडिलांच्या वहीत रकाने आहेत: तारीख, औषध, गट, डोस, कशासाठी, किती दिवसांनी तोडणी. मी तीच वही घरासाठी केली. तारीख, त्रास काय, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम, किती दिवस घेतलं, गुण कधी आला, परत कधी सुरू झालं. ब्रँडचं नाव नाही, आतल्या औषधाचं नाव, कारण वेगवेगळ्या वेष्टनांत एकच औषध असतं आणि माणूस समजतो की आपण बदलून घेतलं.

एका ताईंना मी अशी वही करायला सांगितली. त्या तीन महिन्यांनी परत आल्या. वहीत सात महिन्यांच्या आठवणीतल्या नोंदी होत्या: फ्लुकोनाझोल पाच वेळा, तीन वेगवेगळ्या ब्रँडनी, मध्ये दोनदा स्टेरॉइडचं मलम. त्यांच्या डॉक्टरांनी ती वही बघितली आणि सहावी गोळी लिहिली नाही. कल्चरला पाठवलं. ग्लाब्राटा निघाली.